टाकीतली घुबडं आणि वैष्णवीची वही

घुबडांविषयी सलग दीड तास बोलू शकणारी बाई सोसायटीत राहत असली की शेजारीपाजारी जिन्यात भेटायचं टाळतात. पुण्यात हा अनुभव मी गेली चार वर्षं घेते आहे. जीवशास्त्र शिकवून शाळेतून निवृत्त झाले आणि वर्षभरात पक्षीमित्रांच्या एका गटात जाऊन पडले. तिथे आधीच कुणी मोर घेतला होता, कुणी माळढोक घेतला होता. उशिरा आल्यामुळे माझ्या वाट्याला घुबड आलं. पुढे ते मला खरोखरच आवडायला लागलं, त्याला गटाचा इलाज नाही.

तर या जानेवारीत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळांमधून घुबडांवर बोलत मी पाच दिवस हिंडून आले. सोबत आमचे हे. ह्यांना घुबडांत काडीचा रस नाही. ते गाडी चालवतात, प्रोजेक्टर लावतात आणि कुठल्या गावात काय खायचं याची यादी करतात. सामानात कागदाच्या लगद्याचं हातभर उंच घुबड, मुखवट्यांचे पुठ्ठे, चिमटे आणि एका बरणीत घुबडाच्या उलटीच्या गोळ्या. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेली हाडं-केस यांची गोळी करून तोंडावाटे टाकून देतं. ती गोळी मुलांनी भिजवायची, चिमट्याने सोडवायची आणि आतली हाडं मांडून उंदीर जुळवायचा, असा आमचा उपक्रम. ह्यांनी ती बरणी डिकीत खाण्याच्या पिशवीपासून शक्य तितकी लांब ठेवली होती.

सातारा

साताऱ्याच्या शाळेत मला दीड तास दिला होता. त्यातला पाऊण तास सत्कारात गेला. शाल, नारळ, रोपटं, मग ज्यांनी माझा सत्कार केला त्यांचा सत्कार. मुख्याध्यापकांनी प्रास्ताविकात घुबड हे लक्ष्मीचं वाहन असल्याचं सांगितलं, आणि ते ऐकून शाळेतल्या मावशींनी भाबडेपणाने माझ्या लगद्याच्या घुबडाला हळदकुंकू लावलं. मी अंधश्रद्धेवर बोलायला उभी राहिले तेव्हा टेबलावर त्याची यथासांग पूजा झालेली होती. कुंकू लगद्यात मुरतं, ही नवी माहिती मला मिळाली. ते घुबड पुढचे चारही दिवस मळवट भरून हिंडलं.

माझ्या भाषणात एक हमखास जागा आहे. आपल्याकडे समज असा, की घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नेतं आणि पाण्यात घासत बसतं. दगड जसजसा झिजतो तसतसा मारणारा माणूसही झिजत जातो. ही गोष्ट मी जरा नाट्य करून सांगते, मुलं आधी घाबरतात, मग मी तिच्यावर लाल फुली मारते आणि सगळी हसतात. शेवटी मुलांकडून म्हणवून घेते, निरीक्षण करा, नोंद ठेवा, मगच विश्वास ठेवा. साताऱ्यात तीनशे मुलांनी ते एका सुरात म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला. ह्यांना तेवढ्यात कंदी पेढे कुठे चांगले मिळतात ते कळलं होतं, त्यामुळे तेही खूश होते.

वडूज

कोरेगाव मागे पडलं की ऊस विरळ होत जातो आणि शाळूची रानं लागतात. वडूजजवळच्या शाळेत व्हरांड्यात गोळ्यांचा उपक्रम लावला. किळस करायचं काम शहरातल्या मुलांचं. इथल्या मुलांनी चिमटे बाजूला ठेवून थेट बोटं घातली आणि वीस मिनिटांत उंदीर मांडून मोकळी झाली. एका मुलीने माझी चूकही काढली. मी जिला बरगडी म्हणत होते ती चिचुंद्रीच्या जबड्याची कड निघाली.

शेजारच्या रानातले एक गृहस्थ हे सगळं दारातून बघत होते. एक घुबड वर्षाला किती उंदीर खातं ते त्यांनी मन लावून ऐकलं आणि शाळा सुटल्यावर मला गाठलं. "आवं बाई, एक जोडी मिळंल का?" पुण्यात मला फोन येतात ते बाल्कनीत घुबड बसलंय, घेऊन जा, असे. घेऊन या म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. घुबडं पुरवता येत नाहीत, मोठी झाडं राखलीत तर आपणहून येतील, असं मी सांगितल्यावर त्यांचा माझ्यातला रस ओसरला. तरी जाताना आम्हांला रानात नेऊन हुरडा खायला घातला. ह्यांनी इतका खाल्ला की संध्याकाळी गाडी मला चालवावी लागली.

माधवनगर

माधवनगरला एके काळी कापडगिरण्यांचे भोंगे वाजायचे. आता शाळेची घंटा वाजते आणि पन्नास मुलं घुबडाचे मुखवटे घालून सिनेमाच्या गाण्यावर नाचतात. तो नाच माझ्या कार्यक्रमात नव्हता. मुख्याध्यापिकाबाईंना पाहुण्यांना तसंच पाठवणं बरं वाटेना. घुबडांना कंबर असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

भडंगाचा पुडा फोडून गाडीत बसलो तेवढ्यात माळी सरांचा फोन आला. कवठे महांकाळच्या पलीकडे एका वाडीवर ते शिकवतात, आणि परवा त्यांच्याच शाळेत माझा शेवटचा कार्यक्रम होता. एक दिवस आधी येता का, असं त्यांनी जरा चाचरत विचारलं. सहावीतल्या वैष्णवी नावाच्या मुलीने घुबडाला दगड मारला होता. तेव्हापासून तिचं जेवण सुटलं होतं आणि ती खरोखरच झिजत चालली होती. डॉक्टरचं टॉनिक झालं, देवऋषाचा अंगारा झाला. आता फक्त मी उरले होते.

मी जोरात हो म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला उत्साहच आला. चार वर्षं मी त्या गोष्टीवर फुली मारत होते, पण ती लागू झालेला माणूस मला कधी भेटला नव्हता.

कवठे महांकाळच्या पलीकडे

वाडी म्हणजे द्राक्षबागा, मधे माळ आणि माळावर मेंढरं. शाळेमागे सिमेंटची पाण्याची उंच टाकी उभी आहे. बांधल्यापासून तिच्यात पाण्याचा थेंब पडलेला नाही. तिचा लाभ घेतला तो एका गव्हाणी घुबडाच्या जोडप्याने. त्यांची पिल्लं आत होती.

वैष्णवीचे आईबाप कोईमतूरला असतात. बाप सोनं गाळायच्या धंद्यात आहे, इकडची पुष्कळ माणसं त्या कामाला देशभर गेलेली आहेत. पोरगी आज्जा-आजीजवळ. आज्जाचं आयुष्य मेंढरांमागे गेलं, आता थोडी बाग केली आहे. आम्ही उतरणार होतो त्यांच्याच वस्तीवर.

मी समजूत घालायची तयारी करून गेले होते. समोर आली ती शांत, खोल गेलेल्या डोळ्यांची मुलगी, आणि तिच्या हातात वही. त्यांच्या शेडमध्ये बेदाण्याची खोकी तोलायचा वजनकाटा आहे. त्यावर ती रोज सकाळी उभी राहत होती. वहीत दोन रकाने, तारीख आणि वजन. पहिल्या ओळीत एकतीस किलो, शेवटच्या ओळीत अठ्ठावीस. माळी सरांनी माझ्या भाषणाचा व्हिडिओ वर्गाला आधीच दाखवला होता.

"तुमीच म्हंता न्हवं, निरीक्षण करा, नोंद ठिवा," ती म्हणाली. "मी ठिवलीया. बगा."

मी म्हटलं, तू जेवत नाहीस म्हणून वजन उतरतंय. ती म्हणाली, "आदी भूक गेली, मग वजन. भूक कुणी न्हेली?"

त्या संध्याकाळी काय घडलं ते तिने नीट क्रमाने सांगितलं. शाळेमागे मुली चौकटी आखून ठिकरीचा खेळ खेळत होत्या, तो लंगडत कौलाचा तुकडा सरकवायचा खेळ. पोरं नेहमीसारखी टाकीवर दगडं मारत होती. घुबड बाहेर पडलं तशी हिनेही हातातली ठिकरी फेकली. ठिकरी गवतात पडली. घुबड बरोबर तिथेच खाली आलं आणि पायांत काहीतरी धरून उडून गेलं.

उंदीर धरला असणार, मी म्हणाले. असंल, ती म्हणाली, ठिकरीबी असंल. घुबड ठिकरी कशी उचलेल, असं मी विचारणार होते, पण व्हिडिओत मीच त्याच्या पंजांची ताकद हात पसरून वर्णन केली होती. उंदरापेक्षा ठिकरी हलकी असते. मग मला सुचलं, की या कोरड्या मुलखात ते बापडं पाणी आणणार कुठलं? या मुद्द्यावर आज्जांनी मला आडवं केलं. पूर्वी इकडे पाणीच नव्हतं, तेव्हा घुबड गप बसायचं. आता कॅनॉल आलाय न्हवं, ते म्हणाले. त्यांच्या स्वरात कॅनॉलचा अभिमानही होता. विकासाची ही बाजू मी कधी विचारात घेतली नव्हती.

एकच उपाय होता, ठिकरी शोधणं. ती सापडली तर घुबडाने नेली नाही हे सिद्ध. दुपारी सगळा वर्ग टाकीमागच्या गवतात ओणवा झाला. पोरांना टाकीतून पडलेल्या अकरा गोळ्या सापडल्या, एक सापाची कात सापडली, कुणाची तरी हरवलेली चप्पल सापडली. ठिकरी काही सापडली नाही. वैष्णवी कडेला उभी होती. तिला वाईट वाटलेलंही दिसलं नाही, तिला हे ठाऊकच होतं.

संध्याकाळी आजीने हुलग्याचं माडगं केलं होतं. ह्यांनी तीन वाट्या घेतल्या. वैष्णवी ताटाशी बसली, भाकरी बोटांनी कुस्करली आणि उठली. आजीने त्या ताटावर दुसरं ताट झाकलं. ते झाकण्याची तिला सवय झालेली होती. तोवर मला हे सगळं जरा गमतीचं वाटत होतं, ते तिथे संपलं. मला भीती वाटली. पोरीचं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं.

पहाटे उठून मी शाळेच्या पडवीमागच्या फुटक्या कौलांतून एक तुकडा निवडून आणला. ठिकरी कशी होती ते वैष्णवीने सांगितलेलं होतं, तळहाताच्या खळग्यात बसेल एवढी, वर्षभर खेळून कडा गुळगुळीत झालेली. मेंढरांच्या हौदाशी बसले आणि काठाच्या दगडावर पाणी घालून तो तुकडा घासू लागले. थंडी अशी, की बोटं बधिर. हे ब्रश घेऊन तोंड धुवायला आले, थोडा वेळ बघत उभे राहिले. "अगं," ते म्हणाले, "घुबडाचं काम तू कशाला करतेयस?"

मी त्यांना गप्प बसायला सांगितलं आणि घासत राहिले. पाऊण तास घासलं.

उजाडल्यावर ठिकरी तिच्या हातात दिली. टाकीमागे सापडली, मी म्हणाले. तिने ती उलटसुलट केली.

"ही माजी न्हाई. माजीला हितं चीर हुती."

मग ती माझ्या हाताकडे बघायला लागली. अंगठा आणि दोन बोटं सोलवटली होती, नखांत लाल भुकटी भरलेली. तीस वर्षं शिकवलं, शेकडो मुलांना कॉपी करताना पकडलं. पकडल्यावर कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. कान तापले.

"तुमी घासली व्हय?"

"हो."

"किती येळ?"

"पाऊण तास."

"पान्यात?"

"पाण्यात."

रागवेल, रडेल, असं वाटलं होतं. तिने माझा हात धरून बोटं एकेक करून तपासली. ठिकरीची घासलेली कड न घासलेल्या कडेशी ताडून पाहिली. मग विचार करत हौदाच्या काठावर बसली. मला नखं कशाची बनलेली असतात त्यावर काहीतरी बोलायचं होतं. नशिबाने मी तोंड उघडलं नाही.

"ठिकरी एवढुशी झिजली," ती हळूहळू म्हणाली, "आन बोटं एवढी सोलली. मग घुबडाची नखं आदी झिजत्याल. नखं गेली की उंदीर गावायचा न्हाई. उपाशी मरंल त्ये. कुठलं घुबाड असलं करंल?"

चार वर्षं मी त्या गोष्टीवर तीन मुद्दे मांडत होते. हा मुद्दा त्यांत नव्हता. कारण मी कधी काही घासून बघितलेलंच नव्हतं.

ती उठून आत गेली. "आज्जे, भाकरी हाय का?" आजीने रात्रीची नको म्हणून घाईघाईने चूल पेटवली. वैष्णवीने दीड भाकरी खाल्ली, वर कोरड्यास मागून घेतलं. कालवण पातळ असलं तरी इकडे त्याला कोरड्यासच म्हणतात. आजी चुलीकडे तोंड करून पदराने डोळे पुसत होती, धूर नव्हता तरी. मी उघड उघड रडले. ह्यांनी मला बोटांना लावायला हळद आणून दिली.

शाळेच्या वाटेवर टाकीपाशी ती थांबली.

"बाई, ह्ये शाळंत सांगू नगा."

मला वाटलं, माझी लबाडी झाकायला म्हणतेय. तसं नव्हतं. ती म्हणाली, "समदी पोरं टाकीवर दगडं मारत हुती. मी आजारी पडल्यापास्नं एकानंबी मारला न्हाई. आत पिल्ली हायती."

"आणि तुझ्यासारखं आणखी कुणी भ्यालं तर?"

"मारलाच न्हाई तर भ्या कशाचं?"

भीतीने राखलेलं टिकत नाही, आपल्याला मुलांच्या मनात घुबडाविषयी प्रेम निर्माण करायचं आहे, असं मी तिला सांगायला लागले. हे वाक्य मी भाषणाच्या शेवटी घेते, लोकांना आवडतं. लहान पोराचं मन राखावं तसं तिने ते ऐकून घेतलं.

"पिरेम लागंस्तवर पिल्ली ऱ्हायाला तर पायजेत," ती म्हणाली आणि वर्गाकडे चालायला लागली. मी तिला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

भाषण नेहमीसारखं सुरू झालं. चाळीस मुलं सतरंजीवर, मळवट भरलेलं घुबड टेबलावर, हे प्रोजेक्टरशी. डोळे झाले, पिसं झाली. सवयीने मी त्या जागेशी आले आणि सवयीनेच विचारून बसले, घुबडाला दगड मारला तर काय होतं असं तुमच्याकडे म्हणतात?

वैष्णवी उभी राहिली. वही उघडून तिने पहिल्या दिवसापासून कालच्या दिवसापर्यंतची एकेक तारीख आणि एकेक वजन वाचून दाखवलं, प्रतिज्ञा म्हणावी तशा खणखणीत आवाजात. आज सकाळचं तिने वाचलं नाही. वही मिटून ती सतरंजीवर बसली. मागच्या रांगेतल्या दांडगट पोरांनी माना खाली घातल्या होत्या.

माळी सर अवघडले. एवढ्या लांबून पाहुण्या बोलावल्या त्या ह्याच्यासाठीच. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, आता तुम्हीच मुलांना सांगा. हिचं हे खरं आहे का?"

चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. वैष्णवी बघत नव्हती, ती वहीचा कोपरा सरळ करत होती. मी हळदीची बोटं पदराखाली घेतली.

"वहीतले आकडे मी स्वतः तपासलेत," मी म्हणाले. "एकही चुकलेला नाही."